सोसायटीचा सत्यनारायण आणि शेजाऱ्यांनी न घेतलेला प्रसाद

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या सोसायटीत दर 26 जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी सत्यनारायण असतो. यंदा पूजेला ताई आणि त्यांचे यजमान बसले होते. पूजा आटोपल्यावर त्या प्रसादाचे द्रोण घेऊन घरोघर गेल्या. चौथ्या मजल्यावरच्या मुस्लिम कुटुंबातल्या भाभींनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, पण प्रसाद "नको, राग मानू नका" म्हणून परत केला. जैन काकांनी नुसते हात जोडले. समोरच्या बौद्ध कुटुंबाने तर पूजेची वर्गणीसुद्धा दिली नव्हती. ताईंच्या मनाला ते फार लागलं. त्या लिहितात, देव शेवटी एकच, पूजा काय आणि नमाज काय, भाव सारखाच. मग प्रसादाला नाही म्हणणं हा देवाचा अपमान नाही का? प्रसाद टाकणाऱ्याचं काय होतं ते कथेतही आहेच. आणि आता कमिटी म्हणते, पुढच्या वर्षापासून सत्यनारायण बंद, सर्वधर्म प्रार्थना ठेवू. काय करावं?

ताई, तुमच्या मनाला जे लागलं त्याबद्दल आधी बोलतो. कमिटीचं नंतर बघू.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि 34 वर्षं याज्ञिकी करतो. इकडे घोडबंदर रोडपासून तिकडे खारघरपर्यंत सत्यनारायण, वास्तुशांती, गणपती, श्राद्धपक्ष, सगळं केलं. पूर्वी कथा संपवून पोथी मिटताना मीही सांगायचो की सगळे धर्म एकच सांगतात. लोकांना ते आवडायचं, मलाही बरं वाटायचं. हल्ली सांगत नाही. का, ते एका प्रसंगावरून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वाशीत एका दुकानाच्या उद्‌घाटनाचा सत्यनारायण होता. दिव्यांच्या माळा लावणारा वायरमन मुसलमान, पंचविशीचा मुलगा. आरती झाली, मी तीर्थप्रसाद देत होतो. तो मागे उभा होता, त्याला मुद्दाम हाक मारून पुढे बोलावलं आणि प्रसादाचा गोळा त्याच्या हातावर ठेवला. त्यात माझा आग्रह होता, प्रेमही होतं. तासाभराने मी पिशवी भरून स्टेशनकडे निघालो, तर तो दुकानाबाहेर उभा. उजवी मूठ मिटलेली, मनगटापर्यंत तुपाचा ओघळ आलेला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मोठे, म्हणून हात पुढे केला. मला खाता येत नाही, आणि टाकायचा कसा? तुम्हीच घ्या." मी तो गोळा घेतला आणि खाल्ला. त्या मुलाने माझ्या देवाचा मान माझ्यापेक्षा जास्त राखला होता. माझ्या भावनेपायी मी त्याला तासभर मूठ आवळून उभं ठेवलं. तेव्हापासून मी विचारायला लागलो: ज्याच्या-त्याच्या घरी, ज्याच्या-त्याच्या देवळात, मशिदीत, विहारात. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्या पूजेपासून करू, कारण आपण ती इतक्यांदा करतो की तिच्याकडे बघतच नाही. षोडशोपचाराचे सोळा उपचार तुम्ही परवाच केलेत. गुरुजी म्हणत होते, तुम्ही पळीने पाणी सोडत होतात. आता ते मराठीत ऐका. आवाहन, म्हणजे या. आसन, म्हणजे बसा. पाद्य, पाय धुवायला पाणी. अर्घ्य, हातावर पाणी. आचमन, घोटभर प्यायला. मग स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप. आणि मग जेवण. पाण्याने चौकोनी मंडल करायचं, त्यावर नैवेद्याचं ताट, ताटात तुळशीचं पान, आणि 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा' म्हणत घास भरवायचे. मध्येच 'नैवेद्यमध्ये पानीयं समर्पयामि', म्हणजे जेवताजेवता पाणी. जेवण झालं की हात धुवायला पाणी, चूळ भरायला पाणी, आणि मग एक उपचार असा आहे की तो म्हणताना मला आजही भरून येतं: 'करोद्वर्तनार्थे चंदनं समर्पयामि'. जेवल्यावर हाताला राहिलेला वास जावा म्हणून हाताला लावायला चंदन. कुणीतरी कधीतरी देवाच्या तुपकट बोटांचासुद्धा विचार केला होता!

तर आपली ही पूजा म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचा पाहुणचार आहे. संकल्पात आपण 'दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे' असा आपला पत्ताही सांगतो. तुमची इमारत सेक्टर कितीही असो, देवाला पत्ता गोदेच्या दक्षिण तीराचा. गणपतीत तर 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणून निरोप देतो आणि त्याच दमात 'पुनरागमनाय च' म्हणतो, म्हणजे परत या. आलेला, जेवलेला, तृप्त झालेला हा पाहुणा. त्याच्या ताटात जे उरलं तो प्रसाद. एरवी उष्टं आपण घरच्याच माणसाचं खातो. प्रसाद खाणं म्हणजे त्या देवाच्या घरचं होणं. म्हणून तर कुणी प्रसाद नाकारला की तुमच्या-माझ्या पोटात तुटतं. त्या भाभींनी द्रोण परत केला तेव्हा त्यांनी तुम्हाला परकं केलं असं तुम्हाला वाटलं. ते वाटणं खोटं नाही, ते आपल्या पूजेतच आहे.

पण त्यांच्या उपासनेत हे नातंच नाही. तिथे कुणी पाहुणा येत नाही, कुणी जेवत नाही.

नमाज मी जवळून पाहिली ती मुंब्र्याच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरी. आधी वजू. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, मग पाय घोट्यापर्यंत. तोंड पश्चिमेला, कारण आपल्याकडून मक्का पश्चिमेला येते. उभं राहणं, कमरेत वाकणं, आणि मग सजदा: कपाळ आणि नाक, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे, दोन्ही पायांची बोटं, सगळं जमिनीला. पुढ्यात काहीही नाही. फूल नाही, दिवा नाही, ताट नाही. अर्पण करायचं ते फक्त स्वतःचं शरीर आणि तोंडातले शब्द. त्या शब्दांत प्रत्येक रकातीला, म्हणजे नमाजाच्या प्रत्येक आवर्तनाला, अल-फातिहा हा कुराणाचा पहिला अध्याय येतो आणि त्यात एक ओळ आहे, 'इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन': आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती 17 होतात. म्हणजे नेमाने नमाज पढणारा माणूस दिवसातून किमान 17 वेळा म्हणतो, तुझीच, दुसऱ्या कुणाची नाही. अल्लाखेरीज दुसऱ्याच्या नावाने अर्पण झालेलं खायचं नाही, असं कुराणात सांगितलं आहे. आता तुम्ही सांगा, 17 वेळा शब्द दिलेल्या त्या भाभींनी संध्याकाळी तुमच्या द्रोणाला हात कसा लावायचा? तुमचा द्रोण त्यांनी परत केला तो त्या शब्दापायी. तुमच्या देवाला किंवा तुम्हाला हलकं लेखण्याचा त्यात प्रश्नच येत नाही.

हेही सांगायला हवं की सगळे मुसलमान सारखे वागत नाहीत. प्रसाद घेणारीही घरं मी पाहिली आहेत. दर्ग्यात चादर चढवणं, फातिहा देऊन गोड वाटणं हे अनेकांना प्रिय आहे, आणि त्यांच्यातल्याच इतर अनेकांना ते मान्य नाही. तो वाद त्यांच्या घरातला आहे. आपण एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला "तो घेतो मग तुम्हाला काय झालं" असं म्हणू नये. हे वाक्य मी सोसायट्यांमध्ये फार ऐकतो.

शब्दांचं एक सांगतो. नमाज हा शब्द फारसीतून आला, आणि आपला 'नमस्' आणि तो एकाच मुळाचे. पारशांची यस्न आणि आपला यज्ञ, तेही तसेच. इबादतमध्ये 'अब्द' आहे, म्हणजे सेवक, दास. ज्यू लोकांचा हिब्रू शब्द अवोदा, त्याचाही अर्थ सेवा, काम. आणि आपली उपासना म्हणजे उप अधिक आसन, जवळ बसणं. पूर्वी मी असल्या शब्दांवरून सगळं एकच असल्याचं सिद्ध करायचो. आता उलट वाटतं. शब्द चुलतभाऊ असले तरी दासाने धन्यापुढे उभं राहणं वेगळं आणि जवळ जाऊन बसणं वेगळं. दोन्हीत मोठेपण आहे, पण एकाच्या नियमाने दुसऱ्याला तोलता येत नाही.

आता कथेचं. तुम्ही लिहिलंत की प्रसाद टाकणाऱ्याचं काय होतं ते कथेत आहे. बरोबर, पाचव्या अध्यायात आहे. तुंगध्वज राजा शिकारीहून येताना वडाखाली गोप सत्यनारायण करताना दिसतात. राजा तिकडे गेला नाही, नमस्कार केला नाही. गोपांनी प्रसाद आणून पुढे ठेवला तो टाकून तो निघून गेला, आणि त्याचं सगळं गेलं. पण ताई, पोथी तिथे कारणही सांगते: दर्प. मी राजा, हे गुराखी, यांचा प्रसाद मी का खाऊ, ही त्याची मस्ती. आणि तो सावरला तो त्याच गोपांमध्ये परत येऊन, त्यांच्याबरोबर बसून पूजा केल्यावर. चौथ्या अध्यायात कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न घेता धावली, तिची कथाही स्वतः व्रत करणाऱ्या घरातली आहे. या कथेत मोळीविक्या ब्राह्मणाच्या घरी प्रसाद घेतो, राजा गवळ्यांचा घेतो. हुद्दा न बघता एकमेकांच्या हातचं घ्यावं, हा त्या प्रसादाचा रोख आहे. ज्याने हे व्रत कधी घेतलंच नाही, ज्याचं व्रतच वेगळं आहे, अशा शेजाऱ्याला हा अध्याय लावायचा नाही. गुरुजी म्हणून हे मी ठामपणे सांगतो. सोसायटीत तुंगध्वज शोधायचाच असेल तर बघा, वॉचमनच्या किंवा कचरा नेणाऱ्या मावशींच्या घरचा प्रसाद आला तर कोण-कोण घेतं.

जैन काकांचं कारण अगदी साधं असू शकेल. तुमची पूजा किती वाजता संपली? जानेवारीअखेरीला आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. तुम्ही आठच्या सुमारास द्रोण घेऊन गेला असाल, तर चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम, पाळणारा माणूस त्या वेळी पाणीसुद्धा घेत नाही. पण वेळेचं सोडलं तरी त्यांची पूजा आपल्यासारखी दिसते आणि आत वेगळी असते, हे मला उशिरा कळलं.

ठाण्यात टेंभी नाक्यावर मुनिसुव्रतस्वामींचं देरासर, म्हणजे जैन मंदिर, आहे. श्रीपाल राजा आणि मयणासुंदरीच्या कथेमुळे जैनांना ठाणं हे तीर्थच. तिथे एका सकाळी मी बाहेरच्या बाजूला बसून एका वृद्ध काकांना बघत होतो. श्वास मूर्तीला लागू नये म्हणून तोंडाला आठपदरी मुखकोश. पाणी, चंदन, फूल, धूप, दीप झालं, आणि मग ते पाटासमोर बसले. मुठीतून तांदूळ सोडत आधी स्वस्तिक काढलं, बोटाच्या टोकाने कडा सरळ केल्या. स्वस्तिकाचे चार पाय म्हणजे जिवाच्या चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी), नरक. त्याच्यावर तीन लहान ढीग: ज्ञान, दर्शन, चारित्र्य. त्याच्याही वर चंद्रकोर, सिद्धशिला, जिथे मुक्त झालेले जीव असतात. स्वस्तिकावर नैवेद्य म्हणून साखरेचा खडा, वर फळ. म्हणजे 'या चक्रातून सुटून तिथे जायचंय' असं तांदळांनी लिहिणं. सगळं झाल्यावर त्यांनी ते तिथेच ठेवलं आणि उठले. घरी काही नेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "सोडलं ते सोडलं. परत घ्यायला दिलंच नव्हतं."

तीर्थंकर काही देत नाहीत. ते मुक्त आहेत, तिथून कुणाच्या नवसाला पावत नाहीत. मग पूजा कशाला? तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या मंगलाचरणाचा शेवट आहे, 'वन्दे तद्गुणलब्धये': त्यांचे गुण मला लाभावेत म्हणून वंदन. जैनांमधले स्थानकवासी पंथाचे लोक तर मूर्तीही ठेवत नाहीत. जिथे देणंच सोडण्यासाठी आहे, तिथे देवाच्या ताटातलं परत घेऊन खाण्याची कल्पना बसत नाही.

बौद्ध कुटुंबाबद्दल तुमच्या लिहिण्यात जरा नाराजी जाणवली, म्हणून सावकाश सांगतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लोकांना 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे त्यांत पहिल्याच काही प्रतिज्ञांमध्ये येतं. ती प्रतिज्ञा कशातून आली हे आपण विसरायचं कारण नाही. ज्या देवळांच्या पायऱ्या त्यांच्या आजोबांना चढू दिल्या नाहीत, त्या देवळांतल्या देवाच्या पूजेची वर्गणी नातवाकडे मागताना आपली जीभ थोडी अडखळायला हवी. मी ब्राह्मण म्हणून हे लिहितोय आणि जबाबदारीने लिहितोय.

त्यांच्याकडेही फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती असते, म्हणून आपल्याला वाटतं की हीही पूजाच. ऐरोलीतल्या एका विहारात वंदनेला बसलो होतो. त्रिशरण, पंचशील झालं, मग फूल वाहतानाची पाली गाथा: 'पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं'. हे फूल जसं कोमेजतं तसंच माझं हे शरीरही नाशाकडे चाललं आहे. मी 34 वर्षं देवाला ताजी फुलं वाहतोय. सकाळी जांभळी नाक्यावरून शेवंती आणताना एखादी पाकळी मळलेली दिसली तर ते फूल बाजूला काढतो. आणि इथे फूल वाहायचं ते ते कोमेजणार आहे म्हणून! हातात तेच फूल, वाहायचं कारण मात्र पार उलटं. त्या दिवशी घरी येईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ख्रिस्ती शेजारी तुमच्या इमारतीत नाहीत असं दिसतं, पण प्रसादाचा विषय निघाला की त्यांचं उदाहरण फार उपयोगी पडतं. तलावपाळीजवळ सेंट जॉन बाप्टिस्टचं जुनं चर्च आहे, पोर्तुगीज काळापासूनचं. तिथे मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, असते तेव्हा वेदीवरची भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर अशी कॅथलिकांची श्रद्धा. ती फक्त दीक्षितांना, ज्यांचा बाप्तिस्मा आणि प्रथम कम्युनियन झालेलं आहे त्यांना. तुम्ही-मी प्रेमाने रांगेत उभे राहिलो तरी फादर ती देणार नाहीत, फार तर आशीर्वाद देतील. म्हणजे बघा, आपला प्रसाद सगळ्यांना द्यायचा असतो आणि कुणी घेतला नाही की आपण दुखावतो. त्यांचा सगळ्यांना द्यायचाच नसतो. आणि मूर्तीला वाहिलेलं खावं का, हा प्रश्न त्यांच्यात सुरुवातीपासूनचा. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याची सविस्तर चर्चा आहे. जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते न विचारता खा, पण 'हे वाहिलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, असा त्याचा सल्ला. दोन हजार वर्षांपूर्वीचा शेजाऱ्यांचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे, ताई.

गुरुद्वारात गेला असाल तर कडा प्रसाद खाल्लाच असेल: पीठ, तूप, साखर सारख्या मापाने, आपल्या सव्वा-सव्वाच्या मापासारखंच. तिथे गुरू ग्रंथसाहिब हाच जिवंत गुरू, पहाटे प्रकाश (ग्रंथ उघडणं), रात्री सुखासन (तो मिटून निजवणं), वर चांदवा, बाजूने चवर. आपल्या नामदेवांची 61 पदं त्या ग्रंथात आहेत, हे मराठी माणसाला माहीत असावं. अग्यारीबद्दल मी बोलू शकत नाही, पारशी नसलेल्याला आत प्रवेश नाही. दिवसातून पाच वेळा अग्नीला चंदन अर्पण होतं एवढं ठाऊक आहे, आणि बाहेरून हात जोडतो.

आपल्यातही सगळं एक आहे असं समजू नका. तुमच्या कोपरखैरण्याच्या मूळ गावातल्या आगरी-कोळी घरांत गावदेवीचा मान वेगळा. माझ्या सत्यनारायणाच्या पोथीत तो नाही, आणि म्हणून तो कमी नाही. वारकऱ्याला नामापुढे ताम्हन-पळी लागत नाही. लिंगायत आपलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजतो. आर्यसमाजी मूर्तीच ठेवत नाही. माझ्याच मोठ्या भावाने गेली कितीतरी वर्षं मूर्तीला हात लावलेला नाही, तो फक्त जप करतो.

कमिटीचं. सर्वधर्म प्रार्थना ठेवू नका असं माझं मत. हेतू चांगला आहे, पण मी अशा चार-पाच कार्यक्रमांना बसलो आहे. एक आरती, एक दुआ, एक वंदना, सगळं पाच-पाच मिनिटांत. आणि ज्याला जी म्हणता येत नाही त्याने ओठ हलवत उभं राहायचं. त्यात कुणाचीच उपासना होत नाही. आरतीला टाळ्या वाजवाव्या लागलेल्या मौलवींचा आणि सजद्यासाठी जागा शोधणाऱ्या आजोबांचा संकोच मी पाहिला आहे. त्यापेक्षा सोसायटीचा कार्यक्रम सोसायटीचा ठेवा: झेंडावंदन, मुलांचे खेळ, सगळ्यांचं जेवण, त्याची वर्गणी सगळ्यांकडून. सत्यनारायण ज्यांना करायचा त्यांनी करावा, वर्गणी त्यांचीच, पावतीपुस्तकही वेगळं. बंद करायची गरज नाही. आमंत्रण सगळ्यांना द्या. "दर्शनाला या, नाही जमलं तर नंतर चहाला या" असं सांगा. येणारे येतील.

पूजा तीनला मांडा. कथेसकट सव्वापाच-साडेपाचला आरती होते, म्हणजे जैन मंडळींना निदान तुमच्याबरोबर बसून काही खाता येईल. फक्त त्यांच्यासाठीच्या पदार्थांत कंदमूळ नको. आणि कुणाच्या दारात प्रसाद घेऊन जाण्याआधी विचारा: "प्रसाद चालेल का? नसेल तर दुसरं आणते." एवढं विचारलं की समोरच्याला नाही म्हणण्यासाठी माफी मागावी लागत नाही.

दुसरं काय आणायचं, हे मला माझ्या आईने लहानपणीच शिकवलं होतं, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही. माझा शाळेतला एक जवळचा मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, होता. तुम्हाला माहीत असेल, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ त्यांचं 1879 चं सिनेगॉग आहे, 'शार हाशामायिम', म्हणजे स्वर्गाचं दार. घरात बोली आपलीच मराठी, आडनाव कोकणातल्या गावावरून, पण प्रार्थना हिब्रूत आणि तोंड यरुशलेमकडे. त्यांच्याकडे एकदा मलिद्याला गेलो होतो. परातीत गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं मांडलेली. एलियाहू हन्नबींचं नाव घेऊन सगळे गात होते. मला वाटलं, हा त्या एलियाहूंना नैवेद्य. मित्राची आई म्हणाली, "नाही रे, एलियाहूंना वाहत नाही आम्ही. ते संदेष्टे, त्यांची आठवण. आभार देवाचे. झाडाच्या फळाचे वेगळे, जमिनीतून उगवलेल्याचे वेगळे." आणि माझ्या हातावर मलिदा ठेवला. मी खाल्ला, कारण माझ्या व्रतात त्याला आडकाठी नव्हती.

गणपतीत तो आमच्याकडे यायचा. आई मोदकाचा पहिला घाणा उतरला की देवाचं ताट वाढायच्या आधीच पाच मोदक पितळी डब्यात काढून, झाकण लावून, शिंकाळ्यावर ठेवायची. त्यावर तुळस नाही, पाण्याचं मंडल नाही. तो आला की तो डबा काढायची आणि म्हणायची, "हे तुझे, देवाला दाखवलेले नाहीत." तो पाचही खायचा.

तुम्हीही तसंच करा. शिऱ्याच्या पातेल्यातून नैवेद्याच्या आधी एक डबा बाजूला काढा, आणि चौथ्या मजल्यावर देताना भाभींना खरं काय ते सांगा: याच पातेल्यातला आहे, पूजेसाठी केलेला आहे, पण देवाला दाखवलेला नाही. त्याही उपर त्यांना नको वाटलं तर सफरचंदं आणि खजूर न्या. समोरच्या बौद्ध वहिनींनाही आधी विचारा. दार उघडल्यावर दोन मिनिटं आत बसा. भाभी पाणी देतील, ते प्या.